यंत्राचा भाग : दुरुस्ती कीं नवी खरेदी?

मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला असतो आणि ट्रॅक्टर चालूं होत नाहीं. कारागीर येतो, क्षणभर कान देतो व 'सेल्फ गेला, नवा टाका' म्हणून सांगतो. पेरणी लांबण्याच्या धास्तीनें शेतकरी पैसे मोजतो. जुना सेल्फ मागाहून कोणीं उघडलाच, तर पुष्कळ वेळां असें आढळतें कीं, त्यांतील कार्बनचे ब्रश तेवढे झिजले आहेत, अथवा एखादा बुश सैल झाला आहे. बाकी सर्व धडधाकट आहे. कित्येकदां दोष सेल्फचाही नसतो. बॅटरीच्या टोकांवर क्षार चढलेला असतो, व तो गरम पाण्यानें धुतला कीं काम भागतें.

जो भाग खोलून, साफ करून वा आंतील एखादा तुकडा बदलून पुन्हां कामास येतो, तो टाकून सबंध नवा घेणें हा शेतीच्या भांडवलावर निष्कारण पडणारा बोजा होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशी पुष्कळशी दुरुस्ती शेतकऱ्यास घरीं करतां येण्याजोगी आहे.

विहिरीवरील जुनीं ऑइल-इंजिनें ज्यांनीं हाताळलीं, त्यांस हें नवें वाटणार नाहीं. राजकोटकडे तयार होणारीं लिस्टर नमुन्याचीं सहा अश्वशक्तीचीं, मिनिटास ६५० फेरे घेणारीं इंजिनें पाहावीं. क्रँककेसचें झांकण काढलें कीं हात थेट बिग-एंडपर्यंत पोंचतो. इंजिन केव्हां तरी खोलावें लागणार, हें धरूनच त्याची मांडणी केलेली असते. ट्रॅक्टरच्या इंजिनांतही हा विचार अगदींच सुटलेला नाहीं. बहुतेकांत लायनर सुटा असतो, त्यामुळें तो झिजला तरी ब्लॉक टाकावा लागत नाहीं. क्रँकशाफ्ट घासून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. कमी केला, तर त्या मापाचीं बेअरिंगें बाजारांत मिळतात. अर्थात् हें घासण्याचें काम यंत्रशाळेचें आहे, घरचें नव्हे.

घरीं करण्याजोगें काम म्हणजे गळका व्हॉल्व्ह. तो जळला वा वांकला नसेल, तर नवा घेण्याची घाई करूं नये. व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांमध्यें ग्राइंडिंग पेस्ट लावावी, आणि व्हॉल्व्ह मागेंपुढें फिरवीत व मधून मधून उचलीत घासावा. दोहोंवर सलग करडा पट्टा उमटला म्हणजे पेस्ट पूर्ण धुवून काढावी, कारण तिचा कण आंत राहिला तर तो लायनर खाऊन टाकील. मग व्हॉल्व्ह बसवून पोर्टांत डिझेल ओतावें. थेंबही पाझरला नाहीं, तर काम साधलें. हेड परत बसवितांना मात्र जुनें गॅस्केट वापरूं नये; तेथें काटकसर महाग पडते. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन-तीन खेपांत, टॉर्क-पान्यानें ठरलेल्या जोरानेंच आवळावेत. हात सांगतो तो जोर येथें उपयोगाचा नाहीं.

आणि हात न घालण्याचीं ठिकाणेंही आहेत. इंधनपंप व इंजेक्टर यांची जुळणी चांचणी-यंत्रावरच व्हावी. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर बोट धरूं नये. डिझेल कातडीखालीं शिरून हात गमावण्याची पाळी येते. ब्रेक, स्टिअरिंग व कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांत जोडकाम नको. तेथें नवा भागच घ्यावा.

आमची खरी तक्रार निराळी आहे. सुटा सील, सुटा ब्रश मागावा, तर सबंध जोडच घ्या असें दुकानांत सांगण्यांत येतें. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागूं झाले, व त्यांबरोबर इंजिनांत विद्युत्-नियंत्रण आलें. धूर कमी व्हावा हें योग्यच. परंतु दोष ओळखण्याचें साधन मालकास मिळूं नये, हें त्यांतून निघत नाहीं. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काकरितां समिति नेमली, तींत शेतीच्या यंत्रांचाही विचार होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोर्टलही निघालें. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानानें २०२३ मध्यें कायदा केला, व सुटे भाग, माहितीपुस्तकें आणि संगणकीय साधनें शेतकऱ्यास देण्याचें बंधन कारखानदारांवर घातलें. तो १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आहे. येथील कारखानदारांनीं निदान माहितीपुस्तक मराठींत द्यावें, एवढी मागणी तरी अवास्तव नाहीं.

तोंवर गांवोगांवच्या सोसायट्यांनीं टॉर्क-पाना, फीलर-गेज, व्हॉल्व्ह-स्प्रिंग दाबण्याचें साधन व पुलर एवढीं हत्यारें एका पेटींत आणून ठेवावींत. एकट्यानें घेतलीं तर तीं वर्षांतून चार दिवसही लागत नाहींत. पेटी कोणीं, केव्हां नेली याची वही ठेवावी, आणि रब्बीची मळणी आटोपल्यावर ज्याचें इंजिन उघडावयाचें असेल त्याच्या अंगणांत चार जणांनीं जमून तें उघडावें.