बाहूवरचा क्रमांक

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. पण छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या ज्यूंचे भोग तेव्हा संपले नव्हते. २०१७ मध्ये निवर्तलेल्या फ्रान्सच्या सिमोन वेय यांचे जीवन याची साक्ष आहे.

मार्च १९४४ मध्ये नीस शहरात नुकतीच शालान्त परीक्षा दिलेल्या या सोळा वर्षांच्या मुलीला गेस्टापोने पकडले. आउशवित्झमध्ये तिच्या बाहूवर ७८६५१ हा क्रमांक गोंदला गेला. आई बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसने गेली. वडील आणि भाऊ परतलेच नाहीत.

युद्धानंतर फ्रान्सने प्रतिकार-लढ्यातील वीरांचे सत्कार केले. ते योग्यच होते. पण केवळ ज्यू म्हणून नेल्या गेलेल्यांची कहाणी ऐकायला कुणाला सवड नव्हती. ती ऐकली असती, तर हजारो ज्यूंना धरून देणाऱ्या फ्रान्सच्याच पोलिसांकडे हिशेब मागावा लागला असता! एका समारंभात एका फ्रेंच अधिकाऱ्याने तर, हा क्रमांक कोट ठेवण्याच्या खोलीचा आहे का, असे हसत विचारले. त्यानंतर त्या लांब बाह्यांचे कपडे वापरू लागल्या.

राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी कबूल केली ती १९९५ मध्ये; तब्बल पन्नास वर्षांनी. तोवर वेय आरोग्यमंत्री आणि युरोपीय संसदेच्या अध्यक्षा होऊन गेल्या होत्या. त्यांच्या गर्भपातविषयक कायद्याबद्दल मतभेद असू शकतात. परंतु त्या चर्चेत त्यांच्यासमोर भट्ट्यांची उपमा देणाऱ्या सदस्याचे समर्थन कसे करणार?

२०१० मध्ये त्यांनी फ्रेंच अकादमीत प्रवेश केला. तेथील सदस्याला तलवार धारण करण्याचा मान असतो. वेय यांच्या तलवारीवर ७८६५१ हा क्रमांक कोरलेला होता.