ओटा कुणाच्या उंचीचा?

बेंबळीत बसून यॉटवर लिहायचं म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. खरंच आहे. 2016 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, असा आमचा मुलूख! पण वस्तूची बांधणी पारखायला समुद्रकाठचंच असावं लागतं असं थोडंच आहे?

स्पोर्ट्‌स यॉट म्हणजे श्रीमंतांची वेगवान, हौसेची बोट. पुढं ऊन खात पडायला गाद्या, सरकणारं छप्पर, मागं पाण्यात उतरायला फळी, शिवाय छोटी बोट ठेवायला चक्क गॅरेज. मी पाहिलेल्या चित्रांत स्वयंपाकाचा ओटाही चकचकीत होता, पण त्यावर एक पातेलं नव्हतं. हौसेला मोल नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरी यॉट आपल्या गोव्याची. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलासाठी ‘तारिणी’ बांधली. लांबी 56 फूट, आत लाकडाचा गाभा, वरून फायबरग्लास. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ला तिच्यातून निघाल्या आणि 254 दिवसांनी पृथ्वीला फेरी घालून परत आल्या. पुढं 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच तीच फेरी पुरी केली.

अशा लांबच्या प्रवासाच्या शिडाच्या बोटींत स्वयंपाकघर कसं करतात, हे वाचून मी थक्क झाले. शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली, पाळण्यासारखी. बोट कलली तरी कालवण सांडत नाही. ओट्याच्या कडेला उंच पट्टी. रांधणाऱ्याच्या कमरेमागं पट्टा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. गॅसची टाकी वेगळ्या बंद कप्प्यात आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला की खाली साचतो. आपण मात्र खिडकी वर ठेवली की निर्धास्त!

समुद्रात रांधणारा पडला तर सगळेच उपाशी, म्हणून त्याचा विचार आधी होतो. घरात बाईची कंबर गेली तर भाकरी थांबत नाही, तीच कण्हत थापते. म्हणून कुणाला सुचतही नाही. नव्या घराच्या हॉलला महागाची फरशी, शोकेस, वर पीओपी. स्वयंपाकघर मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि ओटा गवंड्याच्या सवयीच्या मापाचा. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांतही सरळ रांगेत घरं आली, पण चुलीची, जनावरांची सोय लोकांना नंतर आपली आपणच करावी लागली.

“बाई, बोटीला कोटीनं पैसा लागतो, आपलं कसं जमायचं?” असं बचत गटात एकीनं विचारलं. अगं, ओटा चार बोटं खाली-वर घ्यायला कसला आलाय कोटी? पाया भरायच्या आधी नकाशा मागून बघायचा. लाज वाटते, नवरा काय म्हणेल वाटतं, ठाऊक आहे मला. पण त्या ओट्याशी पुढची तीस वर्षं उभं राहायचंय कुणाला?

आमच्या गल्लीत सध्या दोन घरांचं काम चालू आहे. एकीनं परवा गवंड्यासमोर उभं राहून कोपरापासून माप दिलं. सासूबाई आधी पुटपुटल्या, मग म्हणाल्या, “खिडकीपण जरा मोठी घे, धूर लई होतो.”