अळीने काय काय खाल्ले?

निबंधाच्या वहीतली गाय तुमच्या चांगल्या ओळखीची असेल. तिला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते, आणि वर्गातल्या सगळ्या वह्यांत ती एकाच गोठ्यातून आलेली असते. माझ्या दुसरीच्या मुलांना मी गायीवर लिहायला सांगतच नाही. एक चित्रांचे पुस्तक वाचून दाखवते.

पुस्तक एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे, १९६९ सालचे : ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’. एक खादाड अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असे वाढत वाढत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ, आणि मग पोटदुखी! शेवटी तिचे फुलपाखरू होते. तिने जे जे खाल्ले, त्यात खरोखरीचे आरपार भोक. (ही भोके पाडून देणारा परवडण्याजोगा छापखाना अमेरिकेत मिळेना, म्हणून पुस्तक पहिल्यांदा जपानात छापले गेले.) मी मराठीतून सांगत जाते आणि मुले भोकांत बोटे घालत जातात.

मग कोरा कागद द्यायचा आणि विचारायचे, “तुमची अळी काय खाते?” फळ्यावर नमुना लिहायचा नाही, लिहिलात की साऱ्या अळ्या तुमच्याच ताटात जेवल्या म्हणून समजा. वार आणि आकडे पुस्तक पुरवते, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हा घोर मिटतो. बाकीचे मूल घरून आणते. एकीच्या अळीला गुरुवारचा उपास होता, तिने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, चार वाट्या! दिवाळीच्या तोंडावर दुसरीने विचारले, “बाई, कडबोळ्याला आधीच भोक असतं, मग अळीनं काय करायचं?” यावर वर्ग तास संपेपर्यंत भांडला.

एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेण्यापलीकडे कधी गेला नव्हता. त्याने लिहिले : सोमवारी एक पाव. मंगळवारी दोन पाव. बुधवारी आईला रात्रपाळी. अळी तशीच झोपली.

‘आईला’मधली ई ऱ्हस्व होती. वहीत लाल खूण दिसली नाही की पालकांना चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. शुद्धलेखन मी शिकवतेच. पण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वहीत. त्या कागदाखाली मी एवढेच लिहिले, ‘गुरुवारी?’

त्याने कागद परत नेला आणि पेन्सिलीला टोक काढायला बसला.