विश्लेषण : डेटा सेंटरला कडेकोट पहारा, पण अ‍ॅपचा दरवाजा उघडाच?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पनवेलमध्येही २०२०मध्ये मोठे डेटा सेंटर सुरू झाले. अशा ठिकाणी उंच कुंपण, सुरक्षारक्षक, कॅमेरे असा चोख बंदोबस्त असतो. तरीही इमारतीत कोणी पाऊल न टाकता सर्व्हरमधील माहिती बाहेर जाऊ शकते. कारण अनेकदा कुलूप फोडावेच लागत नाही; मागेल त्याला सर्व्हरच माहिती देऊन टाकतो.

२०१७मध्ये काय घडले?

मार्च २०१७मध्ये ‘फॉलिबल’ या सुरक्षा कंपनीने ‘मॅकडिलिव्हरी’ या खाद्यपदार्थ मागवण्याच्या अ‍ॅपमधील त्रुटी उघड केली. हे अ‍ॅप मॅकडोनाल्ड्सच्या पश्चिम व दक्षिण भारतातील ग्राहकांसाठी आहे. सुमारे २२ लाख ग्राहकांची नावे, ईमेल, मोबाइल क्रमांक, घरचे पत्ते आणि नकाशावरील घराचे नेमके ठिकाण बाहेरच्या कोणालाही मिळू शकत होते. ग्राहकांना ओळीने क्रमांक दिलेले होते. विनंतीतील क्रमांक बदलला की दुसऱ्याच ग्राहकाची माहिती हजर! अ‍ॅपमध्ये संवेदनशील आर्थिक तपशील साठवले जात नाहीत, असा खुलासा कंपनीने केला आणि अ‍ॅप अद्ययावत करण्याचे आवाहन केले. मात्र कार्ड रद्द करून नवे घेता येते, राहते घर तसे बदलता येत नाही.

अ‍ॅप आणि सर्व्हर कसे बोलतात?

बँकेत पैसे भरताना स्लिपवर नाव, खाते क्रमांक, रक्कम असे रकाने भरावे लागतात. अ‍ॅपही सर्व्हरला अशीच स्लिप पाठवते आणि उत्तरही रकान्यांतच येते. रकान्यांची ही मांडणी बहुतेक वेळा ‘जेसन’ या स्वरूपात असते. स्लिप स्वीकारणारी खिडकी म्हणजे ‘एपीआय’. मोबाइलच्या पडद्यावर ती दिसत नाही. पण थोडे तांत्रिक ज्ञान असलेला माणूस अ‍ॅपला वगळून थेट खिडकीवर जाऊ शकतो आणि स्लिपवर हवे ते लिहू शकतो.

‘एचटीटीपीएस’ असताना धोका कसा?

ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की माहितीचे पाकीट वाटेत कोणी उघडणार नाही. पाकीट मागणारा माणूस योग्य आहे का, हे ते कुलूप पाहत नाही. ते काम सर्व्हरचे.

सर्व्हरने काय तपासायला हवे?

पहिले, हक्क. लॉग-इन केले म्हणजे सगळ्यांची माहिती पाहण्याची मुभा मिळत नाही. मागितलेली नोंद मागणाऱ्याचीच आहे का, हे प्रत्येक विनंतीला तपासले पाहिजे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ संस्थेच्या एपीआयविषयक धोक्यांच्या यादीत २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हीच चूक पहिल्या क्रमांकावर होती.

दुसरे, आलेल्या रकान्यांवर आंधळा विश्वास नको. किंमत ग्राहकाच्या फोनवरून आली म्हणून ती खरी मानायची नसते. ती सर्व्हरने स्वतःच्या नोंदीतून घ्यायची. याच मॅकडिलिव्हरी अ‍ॅपमध्ये १ रुपयात ऑर्डर देता येत होती, असे एका संशोधकाने डिसेंबर २०२४मध्ये जाहीर केले. त्याआधी ती त्रुटी दुरुस्त झाली होती.

तिसरे, उत्तर मोजकेच हवे. पडद्यावर फक्त नाव दाखवायचे असेल, तर पत्ता आणि मोबाइल क्रमांक उत्तरात पाठवण्याचे कारणच काय? पडद्यावर लपवलेले उत्तरात लपत नाही.

कायदा काय सांगतो?

सायबर घटनेची माहिती ६ तासांत ‘सर्ट-इन’ला द्यावी, असे निर्देश एप्रिल २०२२मध्ये निघाले. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे.

ही मुदत केवळ संमतीचे अर्ज आणि लांबलचक धोरणे लिहिण्यात घालवणे परवडणारे नाही. अ‍ॅप बाजारात आणण्यापूर्वी एका ग्राहकाच्या खात्यातून दुसऱ्याची नोंद मागून पाहणे, ही साधी चाचणी आहे. त्रुटी कळवणाऱ्याला दाद मिळेल असा पत्ता ठेवणेही अवघड नाही. भिंतींवर कोट्यवधी खर्च करणाऱ्यांनी खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला ‘ही माहिती तुमचीच का?’ एवढे विचारावे. ग्राहकाने पत्ता दिला तो जेवण घरी यावे म्हणून, अनोळखी माणूस दारात यावा म्हणून नव्हे.