औषध कोणाच्या हाती?

बालकाला न्यूमोनिया झाला की काळ हाच मोठा वैरी ठरतो. दवाखाना दूर असला तर तो वैरी सहज जिंकतो. म्हणूनच डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला गडचिरोलीचा प्रयोग आजही मननीय आहे. तेथील ५८ खेड्यांत आरोग्यसेवकांना व सुइणींना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्झाझोल देण्यास शिकविण्यात आले. वर्षभरानंतर त्या खेड्यांत पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तुलनेसाठी निवडलेल्या खेड्यांत १७.५.

अल्पशिक्षितांच्या हाती प्रतिजैविके देण्यावरचा आक्षेप अगदीच अनाठायी नाही. अनिर्बंध वापराने जंतू औषधाला जुमानीनासे होतात. परंतु त्यावर उपाय कसोशीच्या प्रशिक्षणाचा आहे, औषध कुलपात ठेवण्याचा नव्हे. खोकला असलेल्या एक ते पाच वर्षांच्या बालकाचा श्वास मिनिटाला ४० वा अधिक असला तर तो धोक्याचा. तो मोजण्यास पदवी लागत नाही. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या पेटीत औषध आणि पाठीशी देखरेख अखंड राहील, हे पाहणे शासनाचे कर्तव्य होय.