आधी गव्हाण बघा, मग स्वभाव काढा

घोडा वाळला की चंदी वाढवायची, आणि चंदी वाढवल्यावर तो उधळायला लागला की "स्वभावच गरम आहे हो याचा" म्हणून मोकळं व्हायचं. गेली चार वर्षं माझे बरेचसे शनिवार-रविवार पुण्याच्या आसपासच्या तबेल्यांत जातात, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. आजचं हे सगळं लिखाण त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

ज्यांचा घोड्यांशी संबंध लग्नाच्या वरातीपुरता आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पुण्या-मुंबईत हौसेनं रायडिंग शिकणाऱ्यांच्या वाट्याला येणारे बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. दोन वर्षांचे असताना शर्यतीत उतरतात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कित्येकांची कारकीर्द संपलेली असते. मग ते स्वस्तात मिळतात. आपल्यासारखा कुणी आयटीवाला, किंवा चार मित्र मिळून, एखादा घेतात. आणि घरी... म्हणजे तबेल्यात आल्यावर कळतं की बरगड्या लांबून मोजता येतायत, पठ्ठ्या निम्मी चंदी तशीच टाकतोय आणि पलीकडच्या रस्त्यावर हॉर्न वाजला तरी दोन फूट उडतोय.

मग सल्ले सुरू. मका वाढवा. हरभरा भिजवून द्या. खात नाही? वरून गूळ घाला. गंमत म्हणजे हे सांगणारी मंडळी स्वतः मैदा सोडलेली आणि बिनसाखरेची कॉफी पिणारी असतात! जिममधल्या 'मास गेनर'चं लॉजिक उचलायचं आणि घोड्यावर चिकटवायचं.

माझं म्हणणं असं, की वाळलेला, खाण्यात नखरे करणारा आणि भडक हे बऱ्याचदा तीन वेगळे बग नसतात. एकच असतो, आणि तो गव्हाणीत असतो.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं फारच छोटं, 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. निसर्गानं धरलेला हिशोब असा की हा प्राणी दिवसाचे सोळा-सतरा तास चरणार. आपण काय करतो? संध्याकाळी सातला गवताची पेंढी टाकतो, ती नऊला संपते, आणि पुढचं काही पहाटे पाचला. आठ तास रिकाम्या पोटात आम्ल. शिवाय जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारा थरच नसतो. शर्यतीच्या तयारीतल्या घोड्यांची दुर्बिणीनं तपासणी करून झालेल्या अनेक पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ घोड्यांना अल्सर सापडलेत. तुमचा स्वस्तात मिळालेला घोडा याच गटातून आलाय, हे विसरू नका.

आता पोटात जखम असलेल्या प्राण्यासमोर धान्याचा ढीग ठेवला की तो चार घास खाऊन तोंड फिरवतो. खोगिराचा तंग आवळताना चावायला येतो. वाळतो. आणि आपण त्याला नखरेल म्हणतो!

थोडं गणित करू. एका वेळच्या चंदीत घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. 450 किलोचा घोडा म्हणजे एका वेळी 450 ग्रॅम स्टार्च. ओट्समध्ये 40 टक्क्यांच्या वर, मक्यात 65 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. म्हणजे एका वेळी फार तर किलोभर ओट्स, किंवा पाऊण किलोहूनही कमी मका. त्यापुढचा स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवून आणतो. पोटशूळ घोड्याचा जीव घेऊ शकतो. आता तुमच्या तबेल्यातला डबा वजनकाट्यावर ठेवा आणि मला खोटं पाडा.

"पण साहेब, गवतानं पोट सुटतं, अंग भरत नाही." हे मला एका जुन्या सईसमामांनी सांगितलं. त्यांचा राग येत नाही, कारण मालक जे आणून देतात तेच ते खायला घालतात, आणि निकृष्ट वाळलेल्या गवतानं खरंच नुसतं पोट सुटतं. पण चांगल्या गवताची गोष्ट वेगळी. घोड्याच्या मोठ्या आतड्यात शंभर लिटरच्या आसपास जागा आहे, आणि तिथले जंतू तंतूंपासून ऊर्जा तयार करतात. ही ऊर्जा संथपणे मिळते, रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

दुसरा आक्षेप: "रेसकोर्सवर तर याहून जास्त धान्य देतात." देतात. तिथला घोडा रोज कसून पळतो. तुमचा आठवड्यातून तीन दिवस रिंगणात दुडक्या चालीनं फिरतो. आणि अल्सरचे ते आकडे कुठल्या घोड्यांचे होते, ते परत वाचा.

मग करायचं काय? माझी ऑर्डर अशी:

1. आधी व्हेटला बोलवा. घोड्याचे दात आयुष्यभर बाहेर येत राहतात आणि त्यांना धारदार कडा येतात. अर्धवट चावलेले गवताचे बोळे खाली पडत असतील तर गुन्हेगार दाढा आहेत. लिदेची जंतांसाठी तपासणी करून घ्या. अल्सरची शंका असेल तर ओमेप्राझोल व्हेटच्याच सल्ल्यानं.

2. गवत वजनाच्या किमान 2 टक्के, म्हणजे 450 किलोच्या घोड्याला 9 किलो, आणि संपवत असेल तर आणखी. रात्रीसाठी बारीक भोकांची जाळी, म्हणजे सावकाश खाईल. पावसाळ्यात बुरशीचा वास आला की ती पेंढी फेका. नखरेल घोड्याला दोन-तीन प्रकारचं गवत ठेवून बघा.

3. वाळलेला लसूणघास थोडा रोज द्या, आणि त्यातलाच मूठ-दोन मूठ रायडिंगच्या आधी. त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवायला मदत करतं. गव्हाच्या कोंड्यावर मात्र भिस्त नको, त्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो.

4. ऊर्जा कमी पडली तर तेल. वजनाला वजन घेतलं तर स्टार्चच्या दुपटीहून जास्त ऊर्जा, आणि भडकपणा नाही. रोज 50 मिलीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत 200 मिलीपर्यंत, जोडीला व्हिटॅमिन ई. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेल आणि सोया लेसिथिन दिलेले घोडे कमी बुजताना दिसले होते.

5. कुठलाही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू. आणि शेजारी दुसरा घोडा दिसू द्या. एकट्यानं जेवायला त्यालाही आवडत नाही.

मोजमाप टेपनं करा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले 11,880. उत्तर किलोमध्ये येतं. आणि 1983 साली डॉन हेन्नेकी यांनी केलेला 1 ते 9 गुणांचा तक्ता बघा. लक्ष्य 5 ठेवा.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? मी जिथे जातो तिथे एक तांबडा घोडा आहे, सहा वर्षांचा. निम्मे ओट्स, निम्मा मका असा अडीच किलोचा डबा दिवसातून तीनदा त्याच्या पुढ्यात येत होता. गणित करा, मर्यादेच्या जवळपास तिप्पट स्टार्च. तो भडकला की लगामाची कडी आणखी कडक, आणखी भडकला की डोकं खाली बांधून ठेवायचा पट्टा. शेवटी "धोकादायक" म्हणून दलालाला द्यायचं ठरलं. आम्ही तिघांनी भांडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतलीये. पाच आठवडे झाले. टेप 14 किलो वाढ दाखवतेय, पण टेपची चूकच तेवढी असू शकते, त्यामुळे अजून नाचत नाहीये. रात्रीचं गवत मात्र तो सकाळपर्यंत पुरवून खातो. हॉर्नला अजूनही उडतो.

काही घोडे खरोखरच तापट असतात, मान्य. सगळं नीट करूनही एखादा तसाच राहील. पण हा निकाल तीन महिने नीट गवत घातल्यावर द्यायचा असतो, त्याच्या आधी नाही. दलालाकडे गेलेला वाळका, "धोकादायक" शिक्क्याचा घोडा पुढे कुठे पोचतो, हे तबेल्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हा या शनिवारी खोगीर चढवायच्या आधी एक काम करा. रात्री शेवटचं गवत किती वाजता संपतं, एवढंच सईसला विचारा.