बाकावरची पुडी

“गोड फार खाल्लेस का रे?” मधुमेह म्हटला की हा प्रश्न ठरलेलाच! इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी माझ्याच शरीराने मारल्या. त्यात बिचाऱ्या कुंद्याचा काय दोष? दिवसातून चार वेळा सुई टोचतो, तिचे काही वाटत नाही. भीती वाटते ती साखर उतरण्याची. ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, प्रश्नपत्रिकेतील अक्षरे पुसट होतात. गेल्या परीक्षेत पर्यवेक्षकांनी ग्लुकोजची पुडी दाराशीच काढून घेतली. कॉपीचा संशय! केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच अशा विद्यार्थ्यांना खाण्याचे जिन्नस नेण्यास मुभा दिली. मग महाविद्यालयाला ती का जड जावी? सर, पुडी उघडून पाहा, हवी तर चाखा. पण माझ्या बाकावर राहू द्या.